परत केलेल्या करंज्या

"पण बुवा, 'आमच्यात मेलं कोण' असं का विचारलं तिनं?"

"मेलं होतं का कुणी?"

"नाही हो! खोकतात, कण्हतात, एकमेकांच्या काठ्या पळवतात... पण आहेत सगळे!"

"मग तसं सांगायचं."

"सांगितलं की! तर म्हणाली, 'मग तुझा फराळ माघारी ने.' आणि आश्रमाच्या गेटला कडी घातली. माझ्या तोंडावर, बुवा!"

बुवा शेळीच्या दोरीची गाठ सोडवत बसले होते. गाठ काही सुटत नव्हती, आणि हेमराज काही बसत नव्हता.

तापीकाठच्या वरणखेडीत टेकडीवर मौनीबुवांचा मठ. मठ म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक धुनी आणि एक आगाऊ शेळी. बुवांना मौनी का म्हणतात, त्यालाही कारण आहे. फार मागे एकदा त्यांची दाढ सुजली होती, तेव्हा आठवडाभर बोलता येईना. लोक म्हणाले, बुवांनी मौन धरलं. पुढे दाढ बसली, बुवा बोलू लागले ते आजतागायत थांबलेले नाहीत. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. गावानं ठेवलेलं नाव देवानं खरवडलं तरी निघत नाही.

आणि हा हेमराज बऱ्हाटे. बाजारात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान, गावाबाहेर केळीची बाग, जिभेवर खडीसाखर. दिवाळीची सुटी लागली रे लागली की दुकानाला कुलूप, आणि शाळेची पोरंसोरं, दोन-चार रिकामे मास्तर अशी फौज घेऊन स्वारी निघाली दारोदार. "आपल्या वृद्धाश्रमासाठी द्या हो!"

नाही म्हणणाऱ्याच्या ओट्यावर हा बसूनच राहायचा. पाणी मागायचा. पाणी झालं की चहा. चहा झाला की हळूच म्हणायचा, "काकू, मागच्या साली तुमच्या जाऊबाईंनी तुमच्यापेक्षा जास्त लाडू दिले होते, बरं का."

एवढं म्हटलं की काकू थेट पिंपच बाहेर काढायच्या.

मन मात्र सोन्याचं. ते सोन्याचं आहे हे चारचौघांना दिसावं, एवढीच काय ती हौस. टेम्पोला लावलेल्या फलकावर लक्ष्मी आणि हेमराज दोघांचेही फोटो होते, आणि लक्ष्मीला जरा अंग चोरून उभं राहावं लागलं होतं.

तो टेम्पो आता टेकडीखाली लिंबाच्या सावलीत उभा. आत अख्ख्या गावाचा फराळ. पाटील गल्लीच्या चकल्या, सोनारवाड्याचे अनारसे, मास्तरीणबाईंचे बेसनाचे लाडू. त्या लाडवांनी आश्रमातल्या म्हाताऱ्यांचे उरलेले दातही जायचे, पण त्यामागचा भाव चांगला होता.

"उद्या वाटप आहे, बुवा. शेठ मंडळी येणार. गावाला मी काय तोंड दाखवू?"

"हेच दाखव. दुसरं कुठून आणणार?"

हेमराज हसला नाही. पाय दुमडून धुनीपुढे बसला. मघापासूनचा आवाज उतरला.

"गावाचं सोडा... ती म्हणाली, पुन्हा येऊ नको. कौतिकआजी म्हणाली. मला."

आता कौतिकआजी म्हणजे वृद्धाश्रमातली सगळ्यात बुटकी बाई, आणि तिथं शब्द चालायचा तो तिचाच. हेमराजची आई गेली, त्यानंतर त्याच्या डोक्यावरून हात फिरवणारी तीच एक. हा तिथली मोटार दुरुस्त करायला म्हणून जायचा आणि मोटार धडधाकट असली तरी तासभर बसायचा.

बुवांनी गाठ सोडून दिली. शेळी मोकळी झाली नाही, बुवा झाले.

"मागच्या दिवाळीला काय झालं होतं, सांग."

"काय व्हायचंय? उलट मागच्या दिवाळीनंच तर माझं नाव झालं!" हेमराजची कळी खुलली. "वाटप चाललं होतं. स्टेज, माइक, सगळं. मी आजीला फराळाचा पुडा दिला, तर तिनं पदराखालून ताट काढलं. करंज्या! आश्रमातल्या बायांनी स्वतः केलेल्या. म्हणाली, 'घे भाऊ, तुझ्या घरी ने.' आता बघा बुवा, त्या बिचाऱ्यांनी चहातली साखर वाचवून वाचवून केलेल्या करंज्या. मी घेईन?"

"नाही घेतल्यास?"

"छे! माइकवरच म्हणालो, 'आजी, तुमचं कसं घेऊ? तुम्हीच खा. गरिबाच्या तोंडचा घास घेणारा हा हेमराज नव्हे!' काय टाळ्या पडल्या, बुवा... जगन्नाथशेठ रडले. पेपरात आलं."

"आणि कौतिक?"

"ती...? ताट घेऊन आत गेली."

बुवा धुनीतली राख उकरत राहिले.

मग त्यांची नजर हेमराजच्या पिशवीकडे गेली. हेमराज कधी रिकाम्या हातानं टेकडी चढायचा नाही. बागेतला घड उतरला की केळ्यांची पहिली फणी बुवांची. आजही होती, पिवळीधमक, ठिपके पडलेली.

"माझ्यासाठी आणलीस ना ही?"

"हो तर. घ्या ना."

बुवांनी फणी दोन्ही हातांनी उचलली, कपाळाला लावली, आणि हेमराजच्या मांडीवर परत ठेवली.

"तुझं कसं घेऊ रे, बाळा? तूच खा. दिवसभर मोटारी उघडतोस, हात काळे होतात तुझे... तुझ्या तोंडचा घास घेणारा हा मौनीबुवा नव्हे!"

आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या. जोरजोरात. धुनीजवळचा कावळा उडाला.

हेमराजचे कान तापले.

"अहो बुवा... बागेतली आहेत. मी स्वतः उतरवलीत."

"म्हणून तर."

"आजवर घेत आलात की!"

"आज नको."

"पण का? माझं काही चुकलं? केळी नासकी आहेत? मी..."

मांडीवर ती फणी, आणि तिचं काय करावं हेच त्याला कळेना. हातात धरवेना, खाली ठेववेना. शेळीनं मान लांबवून एक केळं सालीसकट ओढलं, मग दुसरं. हेमराजला पत्ताच नाही. तिनं निवांतपणे सगळी फणी संपवली. मठात तेवढाच एक जीव होता ज्याला दान घ्यायला लाज वाटत नव्हती.

"तुमच्या गल्लीत," बुवा म्हणाले, "फराळाची ताटं कशी फिरतात रे?"

"कशी म्हणजे? आमचं त्यांच्याकडे, त्यांचं आमच्याकडे. रिकामं ताट कुणी परत करत नाही. अगदी काही नसलं तर चमचाभर साखर तरी घालतात."

"आणि ताट नुसतं येतंच आहे, जात काहीच नाही, असं कधी?"

"असं कसं होईल? असं नसतंच..."

"तुझी आई गेली, त्या साली?"

हेमराजनं तोंड उघडलं.

"त्या साली..." तो सावकाश म्हणाला, "आमच्याकडे कढई चढली नाही. सुतकातलं घर. सगळ्या गल्लीनं ताटं आणून दिली. ओसरी भरून गेली होती ताटांनी. आणि परत न्यायला मात्र कुणी... आमच्या घरचं कुणी काही नेलं नाही. नेतच नाहीत ना, ज्या घरात कुणी मेलं असेल त्या घरचं..."

त्यानं कपाळावर हात मारला.



"बुवा," तो म्हणाला, "मी माफी मागतो! उद्याच. स्टेजवर. आजींना शाल, श्रीफळ, वर साडी..."

बुवांना असं हसू फुटलं की ठसकाच लागला. हेमराजला उठून पाणी द्यावं लागलं.

"शाल!" बुवा डोळे पुसत म्हणाले. "अरे, अजून द्यायचंच? मन भरत नाही का रे तुझं?"

"मग करू काय?"

"तुला मागता येतं?"

आता हे विचारायचं कुणाला? हेमराजनं छाती पुढे काढली. "बुवा! मागण्यात आपला हात कुणी धरत नाही. अख्ख्या बाजाराला विचारा. परवा त्या कंजूष भुसारवाल्याकडून तुपाचा डबा..."

"ते दुसऱ्यासाठी. स्वतःसाठी?"

हेमराज रिकाम्या पिशवीच्या घड्या घालू लागला.

"सकाळपासून काही खाल्लंस?"

"कुठलं? या गडबडीत..."

"बरं झालं." बुवांनी खुंटीवरची झोळी काढून त्याच्या खांद्यावर अडकवली. "टेम्पो इथंच राहू दे. पायी जा. तिच्या दारात उभा राहा, आणि जेवायला माग."

"मी? बुवा, बाजारातून जावं लागेल. लोक बघतील..."

"मला तर रोज बघतात. आंधळा नाही झाला अजून कुणी."

हेमराज निघाला. खांद्यावर झोळी, मान खाली. पण वरणखेडीचा बाजार काय सोडतो?

त्याला लांबून बघताच कापडवाल्या जगन्नाथशेठनं घाईघाईनं हात जोडले, "अरे, परवाच दिली ना वर्गणी!" भुसारवाला तर शटरखाली वाकून आत सरपटला आणि आतूनच ओरडला, "मालक गावाला गेलेत!" पानवाल्यानं विचारलं, "हेमराजभाऊ, टेम्पो सोडून झोळी? यंदा मंदी आहे वाटतं?"

एरवी हेमराजनं तिथल्या तिथं हिशेब चुकता केला असता. आज नुसता चालत राहिला.

वृद्धाश्रमाच्या गेटला कडी होती. पलीकडे बाजेवर उखर्डूअप्पा बिडी विझवून परत पेटवत होते, आणि पायरीवर कौतिकआजी तांदूळ निवडत होती.

"कोन रे?"

"मी... हेमराज."

"ते दिसतं मले. टेम्पो आनला?"

"नाही."

"मंग शाल आनली असशील."

म्हाताऱ्या माणसांना सगळं कसं कळतं?

"नाही, आजी."

"फोटो काढनारा?"

"तोही नाही."

"मंग आला कायले?"

वाटेत त्यानं भाषण जुळवलं होतं. 'आदरणीय आजी' पासून 'क्षमा असावी' पर्यंत. त्यातला एक शब्द आठवेल तर शपथ.

"भूक लागलीय, आजी... जेवायला वाढता?"

वाक्य केवढंसं! पण अख्ख्या गावाची पिंपं रिकामी करणाऱ्या त्या तोंडातून ते निघताना, मोटारीनं पाण्याऐवजी गाळ ओढावा तसा आवाज आला.

आजीचे हात सुपात थांबले.

"सकाळपासून उपाशी?"

"हो."

"येवढा फराळाचा टेम्पो घेऊन हिंडतो, आन् उपाशी?"

"तो माझा नव्हता ना, आजी."

आजी बघत राहिली. तिनं झोळी पाहिली, धुळीनं भरलेले पाय पाहिले, सुकलेलं तोंड पाहिलं. उठली नाही.

"अगं कौतिक," बाजेवरून अप्पा म्हणाले, "आधी वाढ. मंग भांड. भरल्या पोटानं त्याले शिव्या चांगल्या पचतील."

"तुम्ही गप राहा, अप्पा!"

पण उठली. कडी काढली.

पायरीवरच ताट आलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, फोडलेला कांदा. आश्रमातल्या सगळ्या म्हाताऱ्या हळूहळू जमल्या आणि हेमराज जेवतो कसा ते बघत उभ्या राहिल्या. माइकपुढे न बुजणारा हा गडी त्या भाकरीपुढे बुजला.

भरीत तिखट होतं, म्हणून डोळ्यांना पाणी आलं, असं तो म्हणाला. भरीत तिखट होतंच. पण इतकंही नव्हतं.

भाकरी संपली. आजीनं दुसरी पुढे केली.

"न..." हेमराजची जीभ त्या अक्षरासाठी टाळूला लागली सुद्धा. सवय ती. मग त्यानं ते अक्षर घासासारखं गिळलं. "अर्धी द्या."

"अर्धी कोनाच्या घरी वाढतात रे?"

अख्खी पडली. वर भरिताचा गोळा.

खाली मान घालून त्यानं विचारलं, "यंदा करंज्या केल्या का, आजी?"

एकीनं पदर नीट केला, दुसरीनं उगाच भिंतीकडे पाहिलं.

"कोनासाठी करू?" आजी म्हणाली. "आम्हीच करायच्या, आमच्यातच फिरवायच्या? लोकं येतात, देतात, जातात. देनारे लई चांगले आहेत, भाऊ, त्यांचं भलं होवो. पन आमच्या दारचं कोनी काही नेत नाही. मागच्या साली ते ताट घेऊन आत गेले, तवा मी विचार करत होते... आपल्याच मयताचा फराळ खातो का काय आपन?"

"मी खाईन."

"तू? पेपरात छापतील ना! गरिबाच्या तोंडचा घास खाल्ला म्हनून!"

सगळ्या म्हाताऱ्या खो खो हसल्या. अप्पांची बिडी विझली.

"छापू द्या," हेमराज म्हणाला. "फोटोसकट."

"आन् साखर कुठून आनू आता?" आजी करवादली. "ऐन टायमाले येऊन..."

"खोटं बोलते!" अप्पा बाजेवर उठून बसले. "डबा भरून साखर आहे हिच्या पेटीत! वर्षभर आम्हाले फिका चहा पाजला हिनं, यंदाही! विचारलं तर म्हने, साखरेनं खोकला होतो!"

"अप्पा!"

"खोकला तर मले तसाही होतो!"

आजी लाजली. त्या वयात बाई लाजली की पाहण्यासारखं असतं. पदराच्या टोकानं तिनं तोंड झाकलं, मग तोच पदर कमरेला खोचला.

"बघत काय उभ्या राहिल्या गं? परात काढा. सारनाले खोबरं किसा. ए कमळे, तू लाटू नको, तुझ्या करंज्या पोट फुगल्यासारख्या होतात." मग हेमराजकडे वळून, "आन् तू, तुझा टेम्पो आन. उद्या वाटप कर काय करायचं ते. तुझ्या शेठांलेही म्हन, करंज्या सगळ्यांले पुरतील."

आणि जाता जाता, पीठ लागलेल्या हातानंच, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

हेमराज टेकडीवर परत आला तो धावतच. केसांत पीठ, चेहऱ्यावर उजेड. बुवांना एका दमात सगळं सांगितलं. भाकरी, भरीत, अप्पा, साखरेचा डबा. बुवा ऐकत होते. त्या दिवशी पहिल्यांदाच ते नावाला जागले.

"...दुसरी भाकरी अख्खी खाल्ली, बुवा! नको म्हणालो नाही!"

"हं."

"पण..." हेमराजचा चेहरा एकदम उतरला. टेम्पोची किल्ली हातात होती, ती तो बोटाभोवती फिरवू लागला. "उद्याचं कसं करू? आजी सगळ्या पाहुण्यांना ताटं देणार. आणि आमची पाहुणे मंडळी तुम्हाला माहीत आहेत. जगन्नाथशेठ बाहेरचं खात नाहीत. वकीलसाहेब म्हणतील, 'अहो, त्यांना असू द्या.' मास्तरीणबाईंचा उपास. भुसारवाला म्हणेल, 'आत्ताच जेवून आलो.' सगळी चांगली माणसं, बुवा, मनानं चांगलीच! पण त्यांतल्या एकानं जरी ताट परत केलं ना... तर आजी पुन्हा कडी घालेल. आणि या वेळी ती निघायची नाही."

बुवा उठले. शेळीची ती गाठ त्यांनी परत एकदा चाचपली, आणि तशीच सोडून दिली.

"सांगा ना, बुवा. जातो मी आत्ता एकेकाच्या घरी. काय निरोप देऊ त्यांना?"

टेकडीखाली गावात दिवे लागत होते. कुठल्यातरी घरातून तळणाचा वास वर येत होता...

"त्यांना म्हणावं, जरूर या..." बुवा म्हणाले. "पण उपाशी या."